काचेच्या पेटीतला ध्रुवीय प्रकाश



या दिवाळीच्या कार्यक्रमात आपल्या वर्गाची मुले 'ध्रुवबाळ' ही नाटिका करणार आहेत. ध्रुवाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. वडिलांच्या मांडीवरून सावत्र आईने उठवलेला हा मुलगा पुढे आकाशात अशा जागी जाऊन बसला, की तिथून त्याला कोणीच उठवू शकत नाही. नाटिकेची प्रकाशयोजना माझ्या गळ्यात पडली आहे, कारण मी इंजिनिअर आहे. सॉफ्टवेअरच्या इंजिनिअरला दिव्यांतले कितपत कळते, हे मात्र कोणी विचारले नाही!

शेवटच्या प्रवेशात ध्रुवतारा चमकतो तेव्हा त्याच्यामागे नॉर्दर्न लाइट्स दिसायला हवेत, अशी मुलांची मागणी आहे. त्याला कारणही तसेच आहे. १० मे २०२४ च्या शुक्रवारी रात्री इथे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत आकाश हिरवे-गुलाबी झाले होते. एरवी दहा वाजता झोपणारी मुले मध्यरात्रीपर्यंत अंगणात उभी होती. त्याच रात्री भारतात, लडाखमधल्या हान्ले गावाच्या आकाशातही लाल प्रकाशाचा पट्टा टिपला गेला. रविवारी वर्गात बाराखडी बाजूला राहिली आणि ज्याने त्याने आपापले आकाश वर्णन करून सांगितले.

तर आम्ही रंगीत तालमीआधी एक प्रयोग करून पाहिला. दोन जुन्या पांढऱ्या शिफॉन साड्या रंगमंचाच्या मागे उभ्या सोडल्या. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद चुरगळून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि त्यावर हिरव्या दिव्याचा झोत टाकला. कागदावरून परतलेला उजेड साडीवर पडला. पुठ्ठा हळूहळू वाकवला की उजेडाच्या लाटा उठत. कागदाच्या चुण्या आडव्या ठेवल्या तर उजेड उभा पसरतो आणि खऱ्या ध्रुवीय प्रकाशासारखे उभे पडदे दिसतात, हा शोध आम्हाला तासाभराने लागला. सगळे खूश झाले. तेवढ्यात मागे कोणीतरी चहासाठी किटली लावली आणि हॉलमधले निम्मे दिवे गेले.

त्या अंधारात एका छोट्या मुलीने मला विचारले, की आत्ता साडीवर दिसला तो प्रकाश खोटाच होता ना? मी हो म्हणालो. पण घरी जाताना वाटले, उत्तर इतके सोपे नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने काचेच्या पेटीत ध्रुवीय प्रकाश करून दाखवला होता. त्याचा प्रकाश खोटा होता का? त्या माणसाची ही गोष्ट.

त्यांचे नाव क्रिस्तियन बिर्कलँड. जन्म १३ डिसेंबर १८६७ चा, नॉर्वेच्या राजधानीतला. आज आपण तिला ओस्लो म्हणतो, तेव्हा तिचे नाव क्रिस्तियानिया होते. लहानपणी स्वतःच्या पैशाने त्यांनी विकत घेतलेली पहिली वस्तू म्हणजे एक लोहचुंबक, असे सांगतात. पुढे आयुष्यभर चुंबकाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. गणित आणि भौतिकशास्त्र शिकून ते पॅरिसला प्वाँकारे यांच्याकडे आणि जर्मनीत हर्ट्झ यांच्याकडे राहून आले. रेडिओलहरी प्रथम निर्माण करून दाखवणारे ते हेच हर्ट्झ. वयाच्या तिसाव्या वर्षी, १८९८ मध्ये, बिर्कलँड क्रिस्तियानियाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या काळी विजेच्या प्रयोगांत कॅथोड किरणांची मोठी चलती होती. काचेच्या नळीतली हवा जवळजवळ सगळी काढून टाकायची आणि नळीत विजेचा जोराचा दाब द्यायचा, की ऋण टोकाकडून हे किरण निघत. ते किरण म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रवाह, हे १८९७ मध्ये थॉमसन यांनी दाखवले. त्याच्या एकच वर्ष आधी बिर्कलँड यांनी नळीजवळ चुंबक धरला तेव्हा किरण सरळ न जाता चुंबकाच्या टोकाकडे ओढले जाऊन एकत्र झाले. नळीत एवढेसे काही घडले, पण बिर्कलँड यांना त्यात अख्खी पृथ्वी दिसली. पृथ्वी हाही एक मोठा चुंबकच आहे. सूर्याकडून असेच किरण येत असतील तर पृथ्वीचा चुंबक त्यांना ध्रुवांकडे ओढून नेणार. तिथे ते वरच्या विरळ हवेवर आदळणार आणि हवा उजळणार. ध्रुवीय प्रकाश ध्रुवांच्या जवळच का दिसतो, याचे हे उत्तर होते.

कल्पना सुंदर होती, पण मान्य होणे कठीण होते. ध्रुवीय प्रकाश दिसतो त्या रात्री होकायंत्राची सुई थरथरते, हे अठराव्या शतकापासून लोकांना माहीत होते. सूर्यावर डाग जास्त असतात त्या वर्षांत हा प्रकाश जास्त दिसतो, हेही माहीत होते. पण एवढ्या दुरून सूर्य पृथ्वीवरची सुई हलवू शकेल, हे मोठ्या मोठ्यांना पटत नव्हते. त्या काळचे सर्वांत मानाचे शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ मध्येच हे शक्य नसल्याचे हिशेब मांडून सांगितले होते.

मग बिर्कलँड यांनी ठरवले, की प्रकाश दिसतो तिथेच जाऊन राहायचे. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला फिनमार्क नावाचा भाग आहे. तिथे हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही. पहिल्या मोहिमांत ते हिमवादळात सापडले. त्यांच्याबरोबरच्या एका विद्यार्थ्याची बोटे गारठून निकामी झाली, ती कापावी लागली. ब्यॉर्न हेलान-हान्सेन हे त्याचे नाव. तो डॉक्टर व्हायला निघाला होता. ते स्वप्न तिथेच संपले. त्याने पुढे समुद्राचा अभ्यास केला आणि त्यात मोठे नाव मिळवले, ही जिद्द त्याची.

१८९९ मध्ये आल्टा गावाजवळच्या हाल्दे पर्वतावर, सुमारे ९०० मीटर उंचीवर, बिर्कलँड यांनी दगडी वेधशाळा बांधून घेतली. समोरच्या दुसऱ्या शिखरावर आणखी एक छोटी वेधशाळा बांधली. दोन्ही ठिकाणांहून एकाच वेळी एकच प्रकाश पाहायचा आणि भूमितीने त्याची उंची काढायची, असा बेत होता. भूमिती शाळेतलीच आहे. पण दोन शिखरांमधले अंतर चार किलोमीटरही नव्हते आणि प्रकाश होता शंभर किलोमीटर आणि त्याहून वर. एवढ्याशा पायावर तो त्रिकोण उभाच राहीना. त्याच मोहिमेत हिमकडा कोसळून तुकडीतला एलिसार बोये हा तरुण मरण पावला.

पालकांनो, इथे मी थोडा थांबतो. शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगताना आपण शोध सांगतो आणि पुढे जातो. पण त्या पर्वतावर कोणाचा तरी मुलगा गेला आणि कोणाची तरी बोटे गेली. बिर्कलँड यांना त्याचे काय वाटले असेल, हे मी सांगू शकत नाही. त्यांनी काम सोडले नाही, एवढे खरे. १९०२-०३ च्या हिवाळ्यात त्यांनी नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गन आणि रशियातले नोवाया झेम्ल्या बेट अशा चार ठिकाणी माणसे पाठवली. ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी प्रत्येक ठिकाणी चुंबकसुई किती आणि कशी हलते, याच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदी जुळवून त्यांनी निष्कर्ष काढला, की अशा रात्री अवकाशातून विजेचे प्रचंड प्रवाह पृथ्वीच्या चुंबकरेषांवरून खाली उतरतात, वातावरणाच्या वरच्या थरातून आडवे वाहतात आणि पुन्हा वर जातात.

आणि आता ती पेटी. बिर्कलँड यांनी प्रयोगशाळेत काचेचे भांडे घेतले आणि त्यातली हवा पंपाने जवळजवळ सगळी काढली. आत एक धातूचा गोल टांगला. हा गोल म्हणजे पृथ्वी. त्याला ते टेरेला, म्हणजे छोटी पृथ्वी म्हणत. हे नाव इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये आपल्या चुंबकाच्या गोलाला दिले होते. बिर्कलँड यांच्या गोलाच्या पोटात तारेचे वेटोळे होते. त्यातून वीज सोडली की गोल चुंबक होई आणि बंद केली की साधा गोळा. त्याच्या अंगाला इलेक्ट्रॉन आदळताच चमकणारा लेप लावला होता. भांड्याच्या एका बाजूला सूर्याच्या जागी किरण सोडणारे टोक होते.

खोलीतले दिवे मालवले जात. आधी गोलातला चुंबक बंद असे, तेव्हा गोलाची सूर्याकडची बाजू सरसकट उजळे. मग चुंबक चालू करायचा. उजेड मधल्या भागातून सरकत जाई आणि वरच्या नि खालच्या ध्रुवाभोवती दोन चमकती कडी उरत. पृथ्वीवरही ध्रुवीय प्रकाश नेमका ध्रुवावर दिसत नाही, ध्रुवाभोवतीच्या कड्यात दिसतो. पाहणाऱ्याला दुसऱ्या पुराव्याची गरज वाटत नसे. त्यांचे गणिती मित्र कार्ल स्टॉर्मर यांनी हे प्रयोग पाहिले आणि अशा कणांचे मार्ग गणिताने काढण्यात पुढची कित्येक वर्षे घालवली. तेव्हा संगणक नव्हते. आज मी जे गणित यंत्रावर टाकून चहा प्यायला जाईन, ते त्यांनी आणि त्यांच्या मदतनिसांनी कागदावर हजारो तास बसून केले. पुढे याच स्टॉर्मर यांनी दूर दूर ठेवलेल्या कॅमेऱ्यांनी ध्रुवीय प्रकाशाची उंचीही मोजली, जी हाल्देच्या दोन शिखरांवरून मोजता आली नव्हती.

बिर्कलँड यांच्या पेट्या मोठ्या होत गेल्या. शेवटची १९१३ ची पेटी सुमारे हजार लिटरची होती आणि तिच्यातला गोल ३६ सेंटिमीटरचा, म्हणजे चांगल्या कलिंगडाहून मोठा. एवढ्या पेट्या आणि मोहिमा यांना पैसा कुठून यायचा? ती गोष्टही मजेची आहे.

पैशासाठी बिर्कलँड यांनी एक तोफ बनवली. ती दारूवर चालत नसे. तारेच्या वेटोळ्यांत वीज सोडायची आणि चुंबकाच्या ओढीने गोळा फेकायचा, असा तिचा बेत. १९०१ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले, कंपनीही काढली. १९०३ मध्ये विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात बड्या पाहुण्यांसमोर तोफेचे प्रात्यक्षिक ठेवले. सभागृह भरले होते. बटण दाबले. आणि शॉर्ट सर्किट! कानठळ्या बसवणारा आवाज, डोळे दिपवणारी ज्वाळा आणि पाहुण्यांची पळापळ.  तोफ विकत घ्यायचे नाव मग कोण काढणार? आमच्या किटलीची गोष्ट आठवून मला त्यांच्याबद्दल फार जवळीक वाटते.

पण फजितीतही त्यांचे लक्ष ज्वाळेकडे होते. चुंबकाजवळ विजेची ठिणगी पसरते आणि तिची थाळी होते, हे त्यांनी हेरून ठेवले. त्याच सुमारास एका मेजवानीत त्यांची गाठ साम एइडे या इंजिनिअरशी पडली. एइडे यांच्याकडे धबधब्यांचे हक्क होते, म्हणजे भरपूर वीज. आणि त्यांना हवी होती एक प्रचंड ठिणगी. कशाला? तर खतासाठी. पिकांना नायट्रोजन लागतो. हवेत तो भरपूर आहे, पण पिकांना तो तसाच घेता येत नाही. त्या काळी नायट्रोजनचे खत बऱ्याच अंशी चिलीच्या वाळवंटातल्या खाणींतून येई आणि त्या संपल्या तर जग काय खाणार, ही काळजी शास्त्रज्ञांना लागली होती. आकाशात वीज चमकते तेव्हा हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन थोडे एकत्र येतात. तेच भट्टीत करायचे होते. बिर्कलँड यांच्या ठिणगीच्या थाळीचे तापमान तीन हजार अंशांच्या वर जाई. तिच्यातून हवा फुंकायची, त्यातून नायट्रिक आम्ल करायचे आणि चुनखडीबरोबर त्याचे खत बनवायचे. २ डिसेंबर १९०५ रोजी यासाठी नॉर्स्क हायड्रो ही कंपनी निघाली. नोटोडेन आणि र्‍युकान या गावांत कारखाने उभे राहिले. ही पद्धत वीज फार खाई, त्यामुळे पुढे जर्मनीतल्या हाबर-बॉश पद्धतीने तिला मागे टाकले. पण फसलेल्या तोफेतून शेतकऱ्याचे खत निघाले, हे काही थोडके नाही. २०१५ मध्ये युनेस्कोने या दोन्ही गावांना जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले.

पैसा आला, तरी सुख आले नाही. १९०५ मध्ये त्यांनी ईदा हामर यांच्याशी लग्न केले. बिर्कलँड दिवसरात्र प्रयोगशाळेत असत. १९११ मध्ये दोघे वेगळे झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. झोप येईनाशी झाली आणि झोपेच्या औषधाची सवय लागली. प्रयोगशाळेत ते डोक्याला लाल तुर्की टोपी आणि पायात इजिप्तच्या टोकदार सपाता घालून वावरत, असे सांगतात. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले गेले, पण ते मिळाले नाही.

१९१३ नंतर ते इजिप्तला जाऊन राहिले. सूर्यास्तानंतर क्षितिजावर दिसणाऱ्या मंद राशिचक्रीय प्रकाशाचा अभ्यास तिथे करायचा होता. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. एकटेपणा, जागरण आणि औषध यांनी मन पोखरले. आपल्यावर कोणी पाळत ठेवत आहे, असे त्यांना वाटू लागले. युरोपचा रस्ता युद्धाने अवघड केला होता, म्हणून १९१७ मध्ये ते उलट्या दिशेने, जपानमार्गे घरी निघाले. टोकियोच्या एका हॉटेलात १५ जून १९१७ रोजी ते मृतावस्थेत सापडले. झोपेच्या औषधाची मात्रा फार जास्त झाली होती. पन्नाशी पूर्ण व्हायला सहा महिने बाकी होते.

त्यांच्यानंतर त्यांचे म्हणणेही मागे पडले. सिडनी चॅपमन या इंग्लंडच्या मोठ्या गणितज्ञाने मांडले, की हे विजेचे प्रवाह वरच्या हवेतल्या हवेतच वाहतात, अवकाशातून काही उतरत नाही. जमिनीवरच्या सुयांवरून दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरवता येत नव्हते. त्यासाठी वर जाऊन पाहायला हवे होते, आणि वर जायची सोय तेव्हा कोणाकडेच नव्हती. सूर्याकडून सतत कणांचा वारा वाहतो, हे १९६२ मध्ये मरिनर २ या यानाने मोजून दाखवले. त्यानंतर १९६० आणि १९७० च्या दशकांत उपग्रहांवरच्या चुंबकमापकांनी ते उतरणारे आणि चढणारे प्रवाहही पकडले. आज त्यांना बिर्कलँड प्रवाह असेच नाव आहे. स्वतः बिर्कलँड यांना जाऊन तोवर पन्नासेक वर्षे झाली होती. त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. सूर्यापासून निघालेले कण थेट येऊन ध्रुवांवर आदळतात, इतके ते सरळ नाही. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात त्यांना अडवले जाते, वेग दिला जातो, मग ते खाली येतात. पण मुख्य धागा त्यांनीच पकडला होता.

नॉर्वेने १९९४ मध्ये २०० क्रोनरच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले, शेजारी त्यांची छोटी पृथ्वीही होती. २०१७ मध्ये नवी नोट आली, तिच्यावर मासा आहे. त्यांची जुनी पेटी मात्र ट्रॉम्सो शहरात दुरुस्त करून पुन्हा चालवण्यात आली आणि तिच्यातली पृथ्वी पुन्हा उजळली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आमचा साडीवरचा प्रकाश ही नक्कल आहे. आकाशात काय दिसते ते पाहून आम्ही तसे दिसेल अशी युक्ती केली. ॲल्युमिनियमच्या कागदाचा आणि सूर्याचा काही संबंध नाही. बिर्कलँड यांनी नुसते दिसणे जुळवले नाही. आकाशात जे कारण असावे असे त्यांना वाटले, तेच त्यांनी पेटीत ठेवले आणि मग काय दिसते ते पाहिले. कडी उमटली नसती, तर आपले चुकले असे त्यांना म्हणावे लागले असते. ज्या प्रयोगात आपण चुकू शकतो, तो खोटा नव्हे. बाळ, माझे त्या दिवशीचे उत्तर अर्धवट होते, ते आता पूर्ण झाले असे समज.

नक्कल असली तरी ती नीट करायची आहे. खऱ्या आकाशात शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन हिरवा उजळतो, दोनशे किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन लाल होतो आणि पडद्याच्या खालच्या काठाला नायट्रोजनची जांभळट-गुलाबी किनार येते. म्हणून आपल्या साडीवर मधे हिरवा, वर थोडा लाल आणि खाली जांभळा असाच क्रम ठेवू. पुठ्ठा हलवणाऱ्या मुलांनी घाई करायची नाही, आकाशात पडदा सावकाश हलतो.

पालकांना दोन विनंत्या आहेत. घरात जुनी पांढरी शिफॉन साडी असेल तर पुढच्या रविवारी आणावी, आणखी दोन लागणार आहेत. आणि कार्यक्रमाच्या दिवशी ध्रुवतारा चमकून पडदा पडेपर्यंत कृपा करून कोणीही किटली लावू नये.